किर्ताचा पंचनामा

इसवी सन 303च्या मे महिन्यात, 19 तारखेला, उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता या रोमन शहराचा प्रशासक मुनातियस फेलिक्स आपले कारकून आणि नोकर घेऊन ख्रिस्ती मंडळी ज्या घरात जमत असे त्या घरी गेला आणि तेथे जे जे हाती लागले त्याची त्याने जागच्या जागी नोंद करवून घेतली. सोन्याचे 2 पेले, चांदीचे 6 पेले, चांदीच्या 6 सुरया, चांदीचे एक लहान पातेले, चांदीचे 7 दिवे, साखळ्यांसकट ब्राँझचे 11 दिवे, बायकांचे 82 अंगरखे, डोक्यावरून घ्यायची 38 वस्त्रे, पुरुषांचे 16 अंगरखे, पुरुषांच्या पादत्राणांचे 13 जोड आणि बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड. यादी याहून थोडी लांब आहे. मराठी वाचकाला या कागदाची जात वेगळी समजावून सांगायला नको. हा जप्तीचा पंचनामा आहे, आणि कोणत्याही पंचनाम्याप्रमाणे यातही कोण हजर होते, कोण काय बोलले आणि कोणाच्या घरून काय निघाले हे क्रमाने लिहिलेले आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा आणि रोमन सत्तेचा संबंध आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा बहुधा दोनच प्रसंग पुढे येतात. एकीकडे आखाड्यात सिंहांपुढे टाकलेले श्रद्धावंत आणि दुसरीकडे आकाशात दिव्य चिन्ह पाहून विजयी झालेला सम्राट कॉन्स्टंटाईन. दोन्ही प्रसंगांना इतिहासाचा आधार आहे, पण त्यांच्यामधला जो प्रवास आहे, छळलेल्या मंडळीपासून सत्तेच्या शेजारी बसलेल्या चर्चपर्यंतचा, तो या दोहोंतून उमगत नाही. मला तो किर्ताच्या या कागदातून उमगला, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी त्या कपड्यांविषयी. पूजेला जमणाऱ्या माणसांना 82 अंगरखे आणि 47 जोड पादत्राणे कशासाठी लागावीत? ही वस्त्रे बहुधा गरिबांना, त्यातही विधवांना, देण्यासाठी साठवलेली असावीत, असेच मला वाटते. पन्नास वर्षांपूर्वी, 251च्या सुमारास, रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब दिला आहे. त्यात 46 वडील, 7 डीकन (म्हणजे सेवाकार्य पाहणारे धर्माधिकारी), 42 सेवक अशी मोजणी करता करता तो सांगतो की मंडळी 1500हून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसते. रोमन नगरांत श्रीमंत लोक स्नानगृहे बांधत, खेळ भरवत, धान्य वाटत. पण ते नगराच्या नागरिकांसाठी आणि स्वतःच्या नावासाठी असे. ज्या बाईला नवरा नाही, मुलगा नाही आणि नाव नाही तिच्या पायांत चप्पल घालण्याची जबाबदारी एखाद्या समूहाने कायमची आपल्या अंगावर घ्यावी, हे त्या जगात नवीन होते. फेलिक्सच्या लेखनिकाने ते जोड मोजले, आणि त्याच्याही नकळत त्या मंडळीची खरी दौलत कागदावर उतरली.

मग फेलिक्सने धर्मग्रंथ मागितले. बिशप पॉलस तेथे बसलेला होता. तो म्हणाला की ग्रंथ वाचकांकडे, म्हणजे मंडळीत ते वाचून दाखवणाऱ्यांकडे, असतात, आमच्याकडे येथे जे आहे ते आम्ही देतो. फेलिक्सने वाचकांची नावे विचारली. पॉलसने उत्तर दिले की तुम्ही सगळे त्यांना ओळखता. आम्ही ओळखत नाही, असे फेलिक्स म्हणाला. त्यावर पॉलस म्हणाला की सरकारी कचेरी ओळखते, म्हणजे एडुसियस आणि जुनियस हे लेखनिक ओळखतात. हे वाचताना दर वेळी मी थबकते. छळ करणारे आणि छळ सोसणारे हे दोन परके समाज नव्हते. एकाच गावातली, रोज एकमेकांना रस्त्यात भेटणारी माणसे होती, आणि कोण कोणत्या घरी पुस्तक ठेवतो हे कचेरीतल्या कारकुनांना ठाऊक होते.

घराची झडती झाली. पुस्तकांची कपाटे रिकामी निघाली. सिल्वानस नावाचा उपडीकन चांदीची एक पेटी आणि चांदीचा एक दिवा घेऊन आला आणि एका रांजणामागे सापडल्याचे त्याने सांगितले. जवळ उभा असलेला एकजण त्याला म्हणाला, हे सापडले नसते तर तू मेलाच असतास. कॅटुलिनस या दुसऱ्या उपडीकनाने एक मोठा ग्रंथ आणून दिला. एकच का, असे विचारल्यावर तो आणि त्याचा सोबती म्हणाले की आम्ही उपडीकन आहोत, ग्रंथ वाचकांकडे असतात. वाचक दाखवा, असे फेलिक्सने फर्मावले. तेव्हा ते दोघे म्हणाले, आम्ही फितूर नाही. आम्ही येथे उभे आहोत, आम्हाला मारण्याचा हुकूम द्या. त्यांना अटक झाली. नंतर घरोघर जाऊन पुस्तके गोळा करण्यात आली. कोणाकडून 4, कोणाकडून 5, कोणाकडून 8. व्हिक्टर नावाच्या व्याकरणशिक्षकाने 2 ग्रंथ आणि काही सुटे जुडगे दिले. तुझ्याकडे आणखी आहेत, असे फेलिक्स म्हणाला तेव्हा व्हिक्टरने उत्तर दिले: असते तर दिले असते. एका घरी वाचक नव्हता. त्याच्या बायकोने 6 ग्रंथ आणून दिले आणि तरीही एका सरकारी गुलामाला आत पाठवून घर धुंडाळण्यात आले.

कोणालाही मारले गेले, असे या कागदात नाही. कोणी फारसा प्रतिकारही केलेला नाही. हुतात्म्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला हे निराशाजनक वाटेल, पण मला यातच त्या काळाचे सत्य जवळून दिसते. बहुतेक माणसे घाबरली, त्यांनी जे द्यावे लागले ते दिले, दोघांनी एका प्रश्नावर मान ताठ ठेवली, आणि संध्याकाळी सगळ्यांना त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहायचे होते.

हा दिवस उगवला कसा, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते. रोमन सत्तेला ख्रिस्ती लोकांविषयी सुरुवातीला स्पष्ट धोरणच नव्हते. 64 साली रोमला लागलेल्या आगीचे खापर नीरोने त्यांच्यावर फोडले, पण ते एका शहरातले, एका राजाचे क्रौर्य होते. पुढे 112च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्रेजनला एक पत्र लिहून विचारले की या लोकांना नुसत्या नावासाठी शिक्षा करायची की त्या नावाखाली घडलेल्या गुन्ह्यांसाठी. चौकशीत त्याला गुन्हे सापडलेच नव्हते. हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर साधे अन्न एकत्र खातात, एवढेच त्याच्या हाती लागले. खात्री करून घेण्यासाठी त्याने मंडळीत सेवा करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. त्याला अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही मिळाले नाही. तरीही तीनदा विचारून जे आपल्या उत्तरावर ठाम राहिले त्यांना तो मृत्यूकडे पाठवत होता, कारण हट्टीपणा हाच त्याच्या मते शिक्षेस पुरेसा अपराध होता. ट्रेजनचे उत्तर थोडक्यात होते: त्यांना शोधत फिरू नका, कोणी तक्रार करून सिद्ध केले तर शिक्षा करा, जो नाकारून आपल्या देवांची पूजा करील त्याला सोडा, आणि निनावी तक्रारींकडे लक्ष देऊ नका.

कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने पुढे या उत्तरातली विसंगती नेमकी पकडली. निर्दोष म्हणून शोधायचे नाही आणि दोषी म्हणून शिक्षा मात्र करायची, हा कोणता न्याय, असे त्याने विचारले. टर्टुलियनचे आणखी एक विधान मला फार मोलाचे वाटते. 212च्या सुमारास आफ्रिकेचा राज्यपाल स्कापुला याला त्याने लिहिले की ज्याला जे पटते त्याची त्याने उपासना करावी हा माणसाचा निसर्गदत्त अधिकार आहे आणि धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. छळ सोसणाऱ्या माणसाने केवळ आपल्या पंथासाठी सवलत मागावी यात नवल नाही. टर्टुलियनने सर्व माणसांना लागू होईल असे तत्त्व मांडले. हे वाक्य पुढे याच आफ्रिकेत किती अडचणीचे होणार होते, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

त्याच कार्थेजमध्ये 203 साली पर्पेच्युआ नावाची सुमारे 22 वर्षांची तरुण आई तुरुंगात आपली हकीगत स्वतः लिहीत होती. तिचा म्हातारा बाप तिला विनवायला आला, तेव्हा तिने तेथे पडलेले एक भांडे दाखवून विचारले की याला भांड्यावाचून दुसरे काही म्हणता येईल का; तसेच मलाही मी जी आहे त्यावाचून दुसरे काही म्हणवून घेता येत नाही. अंगावर पिणारे मूल, रडणारा बाप आणि समोर ठाकलेले मरण, या सगळ्यात तिचा आवाज स्वच्छ राहतो. आफ्रिकेच्या ख्रिस्ती मनावर या लेखनाचा खोल ठसा उमटला. वर्षानुवर्षे तिच्या स्मरणदिनी ते वाचले जाई. ज्या मंडळीने पर्पेच्युआला उराशी धरले, त्या मंडळीला पॉलस बिशपासारखा गुमान बसून राहिलेला माणूस क्षमा करता येणे किती कठीण होते, हे त्यावरून कळते.

मधल्या काळात राज्याची पद्धत बदलली होती. 212 साली साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र लोकांना नागरिकत्व मिळाले, आणि 249च्या अखेरीस सम्राट डेशियसने सर्व प्रजेने देवांना बळी अर्पण करावा असे फर्मान काढले. आता तक्रारीची वाट पाहायची नव्हती. प्रत्येकाने स्वतः हजर होऊन अर्पण करायचे आणि दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या मातीत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. 26 जून 250 रोजीच्या एका दाखल्यात ऑरेलियस डायोजेनीस नावाचा 72 वर्षांचा म्हातारा, ज्याची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण नोंदवला आहे, लिहून देतो की मी देवांना सदैव अर्पण करत आलो आहे आणि आताही तुमच्या समक्ष हुकुमाप्रमाणे अर्पण केले, मद्य वाहिले आणि प्रसाद चाखला, तरी खाली सही करून द्यावी. मगरदेवतेच्या एका पुजारिणीलाही असा दाखला काढावा लागला. म्हणजे ही मोहीम फक्त ख्रिस्ती लोकांवर नव्हती. पण जो कागद पुजारिणीला नुसता हेलपाटा होता, तोच ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास विकल्याची पावती होता. हजारोंनी अर्पण केले. काहींनी लाच देऊन अर्पण न करताच दाखला मिळवला. लाट ओसरल्यावर हे सगळे परत मंडळीच्या दाराशी आले, आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः त्या काळात लपून राहिला होता, त्याला पडलेल्यांना परत घ्यायचे की नाही, घ्यायचे तर किती प्रायश्चित्तानंतर, याचा निवाडा करावा लागला. 258 साली सिप्रियनचे मस्तक उडवले गेले. मारेकऱ्याला 25 सुवर्णनाणी द्यावीत, असे त्याने आपल्या माणसांना सांगितले होते.

त्यानंतर चाळीस वर्षे शांतता लाभली. मग सम्राट डायोक्लेशनने 303च्या फेब्रुवारीत आपल्या राजधानीत, निकोमिडियात, राजवाड्यातून दिसणारे चर्च पाडले आणि दुसऱ्या दिवशी फर्मान लावले: प्रार्थनास्थळे पाडावीत, ग्रंथ जाळावेत, ख्रिस्ती माणसाचा हुद्दा जावा. तीन महिन्यांच्या आत ते फर्मान किर्ताला पोहोचले आणि फेलिक्स दारात उभा राहिला. तो प्रशासक होता आणि सम्राटपूजेचा आजीव पुरोहितही होता. त्याच्या जगात ही दोन पदे एकाच माणसाकडे असणे स्वाभाविक होते, आणि ते तसे असणे हीच सगळ्या भांडणाची मुळाशी असलेली गोष्ट होती. इजिप्तमधल्या खिसिस गावच्या मंडळीचा 304 सालचा कबुलीजबाब उपलब्ध आहे. आमच्या पूर्वीच्या चर्चकडे सोने, चांदी, पैसा, कपडे, गुरे, गुलाम, जमीन यांपैकी काहीही नव्हते, जे ब्राँझ होते ते अलेक्झांड्रियाला पाठवले आहे, असे ऑरेलियस अमोनियस हा वाचक लिहून देतो आणि शेवटी त्याला लिहिता येत नसल्यामुळे दुसरा कोणी सही करतो. तो मंडळीचा वाचक आहे! काही अभ्यासकांना वाटते की त्याने सही टाळली. मला तसे मानायला आवडेल, पण कागद तेवढे सांगत नाही.

डायोक्लेशनच्या सत्तेला यश आले नाही. 311च्या एप्रिलमध्ये, मरणाच्या दारात असलेल्या सम्राट गॅलेरियसने, ज्याचा या छळात मोठा हात होता त्यानेच, छळ थांबवून ख्रिस्ती लोकांना आपल्या देवापाशी सम्राटाच्या आणि राज्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. 312च्या ऑक्टोबरात कॉन्स्टंटाईनने रोम जिंकले, आणि 313 साली त्याने आणि सहसम्राट लिसिनियसने मिलानमध्ये ठरवले की ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांना ज्याला जो धर्म हवा तो पाळण्याची मोकळीक असावी. इतर सर्वांना, हे शब्द त्या मजकुरात स्पष्ट आहेत. टर्टुलियनचे म्हणणे राज्याच्या तोंडी येण्याचा हा क्षण होता, आणि तो फार थोडा काळ टिकला.

कारण आफ्रिकेतली मंडळी तोवर दुभंगली होती. कार्थेजचा नवा बिशप सिसिलियन याला दीक्षा देणाऱ्यांपैकी एकाने छळाच्या काळात ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, असा आरोप झाला. असे हात ज्याला लागले तो बिशपच नव्हे, असे मानणाऱ्यांनी आपला वेगळा बिशप नेमला. पुढे डोनेटस त्यांचा पुढारी झाला आणि त्याच्या नावाने ते डोनेटिस्ट म्हणून ओळखले गेले. कॉन्स्टंटाईनने सिसिलियनच्या बाजूला त्या काळच्या चलनातली 3000 फॉलिस एवढी रक्कम पाठवली आणि त्याच्या धर्मगुरूंना नगरसेवेच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून मोकळे केले. म्हणजे खरी मंडळी कोणती, हा प्रश्न आता तिजोरीचाही झाला. तेव्हा विरोधी पक्षाने 313च्या एप्रिलमध्ये सम्राटाकडेच अर्ज केला: तुझ्या बापाने छळ केला नाही, गॉलमध्ये हा अपराध घडला नाही, म्हणून आम्हाला गॉलमधले न्यायाधीश दे. एखाद्या पंथाने आपल्या आतल्या भांडणासाठी राज्याच्या दारी जाण्याचा हा प्रसंग मला त्या आकाशातल्या चिन्हापेक्षा अधिक निर्णायक वाटतो. रोमला सभा झाली, आर्लला सभा झाली, निकाल सिसिलियनच्या बाजूने लागला, आणि हरलेल्यांनी पुन्हा सम्राटाकडे धाव घेतली. त्यावर वैतागून कॉन्स्टंटाईनने लिहिले की ख्रिस्ताच्या न्यायाची वाट मी स्वतः पाहतो आहे, आणि हे लोक माझा न्याय मागतात. वाक्य मनापासूनचे आहे. तरी त्याने निकाल दिलाच, आणि नंतर सैनिक पाठवून डोनेटिस्टांची चर्चेही ताब्यात घेतली. त्यांतले काहीजण मारले गेले आणि त्यांच्या लोकांनी त्यांना हुतात्मे मानले. 321 साली त्याने हात मागे घेतला आणि त्यांना देवाच्या न्यायावर सोडले.

याच काळात आपला पंचनामा पुन्हा बाहेर आला. 303 साली रांजणामागून चांदीचा दिवा काढून देणारा तो उपडीकन सिल्वानस मधल्या काळात बिशप झाला होता, आणि तोही डोनेटिस्टांच्या, म्हणजे ग्रंथ देणाऱ्यांना अस्पृश्य मानणाऱ्यांच्या, पक्षाचा. त्याचा आपल्याच एका डीकनाशी बेबनाव झाला. नुंदिनारियस नावाच्या त्या डीकनाने सगळे बाहेर काढले, आणि 320च्या डिसेंबरात न्युमिडियाचा राज्यपाल झेनोफिलस याच्यापुढे सुनावणी झाली. साक्षीला उभा राहिला तो तोच व्याकरणशिक्षक व्हिक्टर. त्याने आपले कुळ सांगितले, बाप नगरसभेचा सदस्य आणि आजा सैनिक असल्याचे सांगितले, आणि ग्रंथांविषयी विचारल्यावर म्हणाला की मी डोंगरावर पळून गेलो होतो, परत आलो तेव्हा माझी पुस्तके नेलेली होती. तेव्हा 303चा पंचनामा मोठ्याने वाचण्यात आला. असते तर दिले असते, हे त्याचे स्वतःचे शब्द त्याच्यापुढे आले. सरळ कबूल कर, नाहीतर अधिक कडक विचारावे लागेल, असे त्याला बजावण्यात आले.

हा कागद आपल्यापर्यंत पोहोचला तो या सुनावणीमुळे. छळाच्या दिवशी एका मूर्तिपूजक प्रशासकाने लिहून घेतलेले शब्द ख्रिस्ती सम्राटाच्या राज्यपालाने ख्रिस्ती माणसांविरुद्ध पुरावा म्हणून वाचले, आणि जिंकलेल्या पक्षाने ते जपून ठेवले. पुढे बिशप ऑगस्टीननेही डोनेटिस्टांशी झालेल्या वादात त्याचा आधार घेतला. ज्या दिवशी सगळेच घाबरले होते त्या दिवसाचा हिशेब, सतरा वर्षांनी, एकमेकांना खाली पाडण्यासाठी मागितला गेला, याचे मला मनापासून दुःख होते. व्हिक्टरने भीतीने पुस्तके दिली यात मला त्याचा दोष मोठा वाटत नाही. मोठा वाटतो तो त्याला पुन्हा उभे करणाऱ्यांचा.

पूर्वेकडे मात्र याच सुमारास उत्साहाला भरती आली होती. 325 साली निकियाच्या परिषदेनंतर कॉन्स्टंटाईनने आपल्या राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षानिमित्त बिशपांना मेजवानी दिली. इतिहासकार युसेबियस लिहितो की अंगरक्षक नागव्या तलवारी घेऊन उभे होते आणि देवाचे सेवक त्यांच्यामधून निर्भयपणे आत गेले. ख्रिस्ताच्या राज्याचे हे चित्र की स्वप्न, असे वाटावे. पॅलेस्टाईनमध्ये छळाचे दिवस त्याने स्वतः पाहिले होते, मित्र गमावले होते. त्याला दोष द्यायला माझे मन धजत नाही. परंतु आफ्रिकेत 347च्या सुमारास सम्राटाचे अधिकारी दानाचे पैसे घेऊन आले, तेव्हा म्हाताऱ्या डोनेटसने विचारले: सम्राटाचा चर्चशी संबंध काय? प्रश्न ज्या पक्षाने पहिला अर्ज सम्राटाकडे केला त्याच्याच पुढाऱ्याने विचारला होता, आणि विरोधकांनी ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकवले. तरी प्रश्न खरा होता. विरोधी पक्षाच्या बिशप ऑप्टेटसने उत्तर दिले की राज्य चर्चमध्ये नाही, चर्च राज्यात आहे.

किर्ताचे नाव तोवर सम्राटाच्या नावावरून कॉन्स्टंटिना झाले होते, आणि अल्जीरियातले ते शहर आजही त्याच नावाने ओळखले जाते. तेथे सम्राटाने बांधून दिलेले चर्च डोनेटिस्टांनी बळकावले, तेव्हा 330 साली त्याने ते परत न हिसकावता दुसऱ्या पक्षाला आपल्या खर्चाने नवे बांधून देण्याचे मान्य केले. राज्याने धर्माच्या भांडणात दाखवलेला हा संयम मला फार आवडतो. तो पुढे टिकला असता तर!

ऑगस्टीन 395च्या सुमारास हिप्पोचा बिशप झाला तेव्हा आफ्रिकेच्या कित्येक भागांत डोनेटिस्टच बहुसंख्य होते. सर्कमसेलियन म्हणवणाऱ्या, सोटे घेऊन हिंडणाऱ्या त्यांच्या टोळ्या विरोधी धर्मगुरूंना मारहाण करत, आणि ती दहशत खरी होती. सुरुवातीला ऑगस्टीनचे मत होते की कोणालाही जबरदस्तीने ख्रिस्ताच्या ऐक्यात आणू नये. शब्दांनी वागावे, वादाने लढावे. मग 405 साली सम्राट होनोरियसने डोनेटिस्टांविरुद्ध ऐक्याचे फर्मान काढले, लोक धाकाने परतू लागले, आणि ऑगस्टीनचे मत बदलले. 408च्या सुमारास व्हिन्सेंटियस नावाच्या जुन्या परिचिताला लिहिलेल्या दीर्घ पत्रात तो हे मोकळेपणाने सांगतो. माझे स्वतःचे गाव पूर्वी पूर्णपणे डोनेटसच्या बाजूचे होते, ते सम्राटाच्या कायद्यांच्या भीतीने ऐक्यात आले आणि आज ते असे आहे की कधी वेगळे होते हे कळूही नये, असे तो लिहितो. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात यजमान दासाला म्हणतो की लोकांना आत येण्यास भाग पाड. ऑगस्टीनने ते वाक्य येथे लावले.

ऑगस्टीनविषयी मला प्रेम आहे. आईच्या मृत्यूवर, मित्राच्या मृत्यूवर त्याच्याइतके खरे कोणी लिहिले नाही. या प्रकरणातही तो निर्दय नव्हता. डोनेटिस्टांना देहान्त शिक्षा देऊ नका, म्हणून तो अधिकाऱ्यांना कळवळून लिहीत असे. परंतु गाव सुखी आहे, म्हणजे धाक योग्य होता, हा त्याचा युक्तिवाद मला कधीही पटला नाही. डायोजेनीसने दाखला घेतल्यानंतर तोही बहुधा आपल्या गावात सुखाने राहिला असेल. डेशियसनेही हेच म्हटले असते. एका आफ्रिकी माणसाने स्कापुलाला लिहिलेले वाक्य दुसऱ्या, त्याच्याहून थोर आफ्रिकी माणसाने बाजूला ठेवले, आणि त्याची बुद्धी इतकी समर्थ होती की पुढच्या हजार वर्षांत सक्ती करणाऱ्याला आधार शोधायला फार लांब जावे लागले नाही.

411च्या जूनमध्ये कार्थेजच्या एका स्नानगृहात दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस याच्यापुढे समोरासमोर आले. डोनेटिस्टांनी विरोधकांबरोबर बसण्यास नकार दिला, तेव्हा मार्सेलिनसही उभाच राहिला. लेखनिकांनी शब्द न् शब्द उतरवला. त्यातले बरेच आज वाचता येते. निकाल ठरलेलाच होता. 412च्या जानेवारीत कायदा आला: जो परत येणार नाही त्याला हुद्द्याप्रमाणे दंड, सर्वोच्च दर्जाच्या माणसाला 50 पौंड सोने, नगरसभेच्या सदस्याला 5, व्यापाऱ्याला 5, सर्कमसेलियनाला 10 पौंड चांदी. गुलामांना आणि कुळांना फटके. डोनेटिस्टांची चर्चे आणि त्यांच्या मालमत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेल्या. झडत्या कशा झाल्या असतील, याद्या कोणी केल्या असतील आणि कोणत्या घरी पुस्तके आहेत हे कोणी सांगितले असेल, हे ज्याने किर्ताचा कागद वाचला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

430 साली ऑगस्टीन वारला तेव्हा व्हँडल या जर्मानिक लोकांनी हिप्पोला वेढा घातलेला होता, आणि 439 साली कार्थेज त्यांच्या हाती पडले. व्हँडलही ख्रिस्ती होते, पण ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियसच्या मताचे. निकियाच्या परिषदेची श्रद्धा मानणारे, म्हणजे ऑगस्टीनच्या पक्षाचे, त्यांच्या दृष्टीने पाखंडी. त्यांचा राजा ह्युनेरिक याने 484च्या फेब्रुवारीत कार्थेजला बिशपांची सभा बोलावली, ती 411च्या धर्तीवर, आणि ती मोडल्यावर फर्मान काढले. तुम्ही पाखंडी ठरवलेल्यांविरुद्ध पूर्वीच्या सम्राटांकडून जे कायदे करवून घेतले तेच तुम्हाला लागू करतो, असे त्यात म्हटले आहे. व्हिटाचा बिशप व्हिक्टर याने ते फर्मान आपल्या इतिहासात उतरून ठेवले आहे. त्यातही हुद्द्याप्रमाणे दंड आहेत: सर्वोच्च दर्जाला 50 पौंड सोने, नगरसभेच्या सदस्याला 5, व्यापाऱ्याला 5. ज्यांच्यावर ते फर्मान निघाले त्यांच्यात सर्कमसेलियन नव्हते, पण त्यांच्या नावाचा 10 पौंड चांदीचा दंड जुन्या कायद्यातून तसाच उतरला आहे.